आत्या, तो माळ मीच मोजला होता

प्रिय आत्या,

तुला वाचता येत नव्हतं. म्हणून तर हे पत्र लिहायचा धीर होतोय. आणि खरं सांगायचं तर म्हणूनच तुझ्याशी खोटं बोलणं मला इतकं सोपं गेलं.

तू गेलीस त्याला आज एकविसावा दिवस. उद्या सकाळी शाळेच्या पटांगणात ग्रामसभा आहे. मागच्या वेळी तुझ्या बोलण्यानं जी तहकूब झाली होती, तीच. माळ सोलरच्या कंपनीला द्यायचा की नाही, याचा ठराव उद्या होणार. त्या सभेत उभं राहून बोलायचं की गप्प बसायचं, हे मला आज दुपारीच ठरवायचंय. कुणाला विचारू गं? शाळेत कुठला विषय घेऊ इथपासून लग्न नको म्हणाले तिथपर्यंत सगळं तुलाच विचारत आले. आता नेमकं तुझ्याबद्दलच विचारायचंय.

तुझ्याच घराच्या उंबऱ्यात बसून लिहितेय. शेळ्या शेजारी कौसाबाईच्या गोठ्यात आहेत. तुझी चूल मी अजून पेटवलेली नाही, चहासुद्धा तिनंच आणून दिला. दार उघडं आहे आणि समोर माळ दिसतोय. इथून बघितलं तर तो खरंच एकसारखा वाटतो, पिवळा आणि रिकामा. बाहेरच्या कुणी तो असा बघितला असता तर मी त्याला दोष दिला नसता. पण मी तर त्या माळावर वाढले.

आठवतं का तुला, पहिला दिवस? आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची. बाबा श्रीगोंद्याकडं साखर कारखान्यावर कामाला, हंगामात त्यांना घराचं तोंड दिसत नसे. एका दुपारी त्यांनी मला तुझ्याकडे आणून सोडलं आणि दुसऱ्याच सकाळी तू मला शेळ्यांमागं माळावर नेलंस. मी रडत होते. तू समजूत काढली नाहीस. तू मला काम लावलंस.

‘पायाखालची जमीन बदलली, की तितला एक खडा उचलायचा,’ म्हणालीस. ‘झग्यात टाकायचा. इसरायचं न्हाई.’

जमीन बदलते म्हणजे काय, तेच मला कळेना. तू माझ्या चपला काढायला लावल्यास. मग कळलं. मुरूम टोचतो तसं चोपण, म्हणजे खारवट माती, टोचत नाही, ते पावलाखाली भुसभुशीत दबतं. खडकाच्या पाटावर सकाळीही ऊन साठलेलं असतं. पवन्या गवताच्या बुडाशी माती थंड लागते. मी खडे वेचत गेले आणि रडायचं विसरले. संध्याकाळी ओट्यावर ते सगळे मांडले, तांबडे, काळे, पांढुरके, आणि तू मोजून म्हणालीस, ‘आज सतरा रानं झाली. चांगला दीस गेला.’

तुझ्यासाठी माळ एक नव्हताच. त्यात रानं होती. टिटवीचं रान, बोडकं रान, हिवराचं रान. आणि ते सासूचं रान, जिथं कुसळी गवत माजायचं. त्याची कुसळं लुगड्यात कधी शिरली ते कळायचं नाही आणि घरी येईपर्यंत टोचत राहायची, म्हणून सासूचं. कौसाबाईची सासू जिवंत असेपर्यंत आपण हे नाव दबक्या आवाजात घ्यायचो.

एकदा मी तुझ्याशी भांडले होते. आपण चोपणातून मुरमावर गेलो आणि परत चोपणात आलो, तरी तू मला तिसरा खडा उचलायला लावलास. मी म्हणाले, हे रान तर मोजून झालंय. तू हसलीस. ‘आगं, आपन परत आलो म्हंजी जमीन परत बदलली की न्हाई? शेरडाला बदल लागतो. येकाच रानात दिसभर चारलं तर पोट भरतं त्याचं, पर दूध देत न्हाई ते.’

पंधरा वर्षांनी पुण्याच्या विद्यापीठात एका वर्गात बसले होते आणि सरांनी फळ्यावर लिहिलं, भूदृश्याची गुंतागुंत. म्हणजे जमिनीचा एखादा तुकडा किती साधा किंवा किती गुंतलेला आहे ते मोजायचं. त्यात जाती किती, त्या एकमेकींत किती मिसळल्यात, आणि एक संपून दुसरी सुरू होते अशा कडा किती. सर कडांबद्दल बोलायला लागले आणि मला आपला माळ दिसायला लागला. तू तो तिसरा खडा का उचलायला लावलास, ते तेव्हा कळलं. तू रानं मोजत नव्हतीस, कडा मोजत होतीस. त्याच दिवशी मी ठरवलं की डॉक्टरेट करीन तर यातच.

तुला मी सांगितलंही होतं. सुट्टीत आले होते, तू भाकरी थापत होतीस. मी म्हणाले, आत्या, आकाशातून जमिनीचा फोटो काढतात, त्यावर चौकटी आखतात, प्रत्येक चौकटीला एक नाव देतात, ऊस, गवत, पाणी, घरं. मग गणित करून एक आकडा काढतात, शून्य ते एकच्या मधला. कोपरगावकडं नुसता ऊसच ऊस, तिथला आकडा शून्याजवळ. जिथं सगळं मिसळलेलं, तिथं तो एककडे सरकतो. जिथं गुंतागुंत जास्त तिथं जीव जास्त तगतात.

‘ह्ये शिकाया पुन्याला जावं लागतं व्हय?’ तू म्हणालीस. तुझा चेहरा मात्र खुलला होता. मग बरीच वर्षं गावात ज्याला त्याला सांगत सुटलीस, माजी वैशी माळ मोजायचं शिकलीया.

तुला नव्यानं सांगायला नको, पण जिथं गुंतागुंत जास्त तिथं जीव तगतात हे वाक्य मी कागदावर वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी शाळेत असतानाच्या त्या दुष्काळात गावाची सगळी जनावरं चारा छावणीवर गेली आणि तू गेली नाहीस. पाझर तलावाच्या मागं खडकाच्या फटींत तुला मारवेल गवत सापडायचं, चोपणाच्या कडेनं कसलीशी खारट पाल्याची झुडपं, हिवराच्या शेंगा. रोज चार घास इथून, चार घास तिथून. आपली एक शेळी दगावली नाही. तो माळ एका जातीचा असता तर एका झटक्यात वाळला असता.

आता पुढचं सांगते. हेच मी तुला तोंडानं सांगायला हवं होतं.

कॉलेजात मी इतकी वर्षं तासांवरच शिकवतेय, कायम होण्याचं नाव नाही, हे तुला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका सल्लागार संस्थेनं काम दिलं. कंपन्यांना जमीन हवी असली की आधी तिथल्या निसर्गाचा अहवाल लागतो, तो करायचा. तुला मी एवढंच सांगितलं होतं की पुण्याचं काम मिळालंय, कॉम्प्युटरवर बसून करायचं. तू मला कायमची नोकरी लागल्यासारखे लाडू करून पाठवलेस.

या उन्हाळ्यात अकरा जागांचं काम एकदम आलं. जागांची नावं नव्हती, नुसते गट नंबर. सातव्या फोटोत मला एक पाण्याचा डाग दिसला, एका बाजूनं चावा घेतल्यासारखा. आपला पाझर तलाव. त्याचा तो फुटलेला बांध मी कुठूनही ओळखीन, अगदी आकाशातूनही.

आत्या, मला कळलं होतं. चुकून झालं असं मी कुणालाही सांगू शकत नाही. आपला माळ आहे हे कळलं आणि तरी मी काम चालू ठेवलं.

का, ते तुला समजेल असं सांगायचा प्रयत्न करते. मला वाटलं, आपल्या गावाचा माळ म्हणून वेगळं माप लावलं तर ती लबाडी होईल. उद्या कुणी म्हणेल, हिची आत्या तिथं शेळ्या चारते, म्हणून हिनं आकडा फुगवला. शेळ्या राखणाऱ्या घरातली पोरगी शास्त्रात आली की तिला हे भय फार असतं गं. आपण खऱ्या शास्त्रज्ञ आहोत हे तिला रोज सिद्ध करावं लागतं. म्हणून मी माझं सगळं माहीत असलेलं बाजूला ठेवलं आणि त्याला प्रामाणिकपणा म्हटलं. केवढा मोठेपणा वाटला होता मला त्या दिवशी स्वतःचा, सांगते.

मग इतर दहा जागांसारखंच केलं. फोटो घेतला तो एप्रिलचा, कारण तेव्हा ढग नसतात. एप्रिलमध्ये पवन्या काय, कुसळी काय, हरळी काय, सगळं एकाच रंगाचं असतं. चौकट घेतली ती मोठी, कारण कामाची घाई होती. चिपट्यानं मोजायचा जिन्नस मी पायलीनं मोजला. तरीही नकाशावर बारीक ठिपके उरले होते. इकडं दोन, तिकडं पाच, एक पट्टा तलावाच्या मागं. कॉम्प्युटर विचारतो, एवढ्या लहान तुकड्यांना शेजारच्या मोठ्यात मिसळून टाकू का? सगळेच हो म्हणतात, त्यानं नकाशा स्वच्छ दिसतो. मी त्या पट्ट्याकडे बघत बसले. तो खडकाचा पाट होता. दुष्काळात आपल्याला जगवणारा. आणि मी हो म्हणाले.

नकाशा एका रंगाचा झाला. आकडा शून्याला जाऊन टेकला. खाली मी लिहिलं, ‘सदर क्षेत्र एकजिनसी व पडीक असून भूदृश्याची गुंतागुंत नगण्य आहे.’ अहवालावर नाव संस्थेचं गेलं. माझं कुठंच नाही.

पावसाळ्याच्या तोंडी तो अहवाल ग्रामपंचायतीत आला आणि ग्रामसेवकानं तो वाचून दाखवला. तू कौसाबाईच्या मोबाईलवरून मला फोन केलास. हसत होतीस. ‘वैशे, कुनीतरी लिवलंय, आपला माळ समदा येकसारका हाय म्हनं. आंधळं हाय का गं कोन ते?’

मी म्हणाले, ‘कुणीतरी पुण्याचं असेल, आत्या.’

एवढंच बोलले. एका वाक्याचं तर काम होतं. पुढं तू पाऊस कसा आहे ते विचारलंस आणि मीही सांगितलं.

त्या फोननंतर मी आठ-दहा दिवस नीट जेवले नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, आता फोन करते आणि सांगते. मग वाटायचं, ग्रामसभा तर नाही म्हणणारच आहे, माळ जाणारच नाही, मग कशाला सांगायचं? असे दिवस ढकलत गेले. तूही परत विचारलं नाहीस. का गं विचारलं नाहीस? दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. नाही, हेही खोटंच. नसतं सांगितलं. दुसऱ्यांदा आणखी सराईतपणे बोलले असते.

आणि मग तू सभेत उभी राहिलीस.

कौसाबाईनं मला फोनवर सगळं सांगितलं, मोठ्या कौतुकानं. कंपनीचा माणूस म्हणाला, मोठ्या शास्त्रज्ञांनी मोजलंय, तिथं काही नाही, उगाच हट्ट करू नका. मागून कुणीतरी बोललं, शास्त्रज्ञ कसले, गयाबाईची भाचीच असली कामं करते, तिनंच केलं असंल हे. आणि तू उठलीस. सत्तरीची बाई, गुडघ्यावर हात देऊन उठलीस.

‘माज्या पोरीनं मोजला असता तर येक येक रान लिवलं असतं तिनं. तिनं ह्ये लिवलं असंल तर उद्यापास्नं मला गयाबाई म्हनू नका.’

तुझ्या शब्दाला गावात मान होता. सरपंचांनी सांगितलं, अहवालाची शहानिशा करू, मग ठराव घेऊ, आणि सभा तहकूब केली. तुझ्या त्या एका शब्दावर माळ इतके महिने वाचला. माझ्या खोट्यावर उभा असलेला तुझा शब्द.

मला राग आला होता तुझा. आजही येतो. कुणी सांगितलं होतं तुला एवढी मोठी शपथ घ्यायला? माझ्यावर इतका विश्वास ठेवताना एकदा तरी माझ्या तोंडाकडे बघायचं होतंस. मी काय अजून ती झग्यात खडे गोळा करणारी पोर होते? माणसं बाहेर जातात, शिकतात, भितात, पोटासाठी मान खाली घालतात. तुला हे कळायला नको होतं?

पण हा राग खरा कुणाचा आहे ते मलाही कळतं.

दवाखान्यातले ते चार दिवस. साध्या तापाचं निमित्त झालं. मी चारही दिवस तुझ्या उशाशी होते, म्हणजे मला चार दिवस मिळाले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी तू चांगली शुद्धीवर होतीस. पेज प्यायलीस. मी तुझा हात धरला आणि म्हणाले, ‘आत्या, मला काहीतरी सांगायचंय.’ तू म्हणालीस, ‘सांग की. पर त्याच्या आदी माजं ऐक. लई जनींची पोरं शिकली गं, पर तुज्यामुळं माजी मान ताठ हाय.’

मी तुझं पांघरूण सारखं केलं. तू विचारलंस, ‘काय सांगत हुतीस?’ मी म्हणाले, शेळ्या बऱ्या आहेत. तू मान हलवलीस आणि डोळे मिटलेस. दुसऱ्या दिवशी पहाटे तू गेलीस.

कधी कधी वाटतं, तुला कळलं होतं का? कळूनच सभेत उभी राहिली होतीस का, मला पाठीशी घालायला? तसं मानलं तर मला किती सोपं जाईल, म्हणूनच मानत नाही. तू खोट्याची शपथ घेणारी नव्हतीस. तुला मी फसवलं, बस्स.

तेराव्यानंतर मी कौसाबाईला सांगितलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. ती गोठ्यात शेळीचं दूध काढत होती. मी म्हणाले, तो माळाचा अहवाल मी लिहिलाय. तिचा हात थांबला. तिनं विचारलं, ‘गयाबाईला ठावं हुतं?’

‘नाही.’

‘मग बरं झालं, गेली ती.’

आत्या, मला कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. ती मात्र रागावली नव्हती. ती खाली बघून पुन्हा दूध काढायला लागली आणि म्हणाली, ‘आता कुनाला बोलू नगंस. माळासाठी आमी भांडू, तू त्यात पडू नगं. पर तिचा शब्द खोटा पाडू नगंस. ती काय आता उठून येनार हाय का, आपली बाजू सांगाया?’

तेव्हापासून मी माळ आणि तुझा शब्द यांच्या मध्ये अडकलेय. कौसाबाई भांडेल, आणखी चार बायका भांडतील, शेळ्या कुठं चारायच्या म्हणतील. कंपनीचा माणूस म्हणेल, चाऱ्याची सोय करू. आणि मग तो अहवाल काढून दाखवेल. त्यातल्या आकड्याला गावात कुणाकडे उत्तर नाही. तो आकडा चुकीचा आहे हे फक्त तो काढणारं माणूसच सांगू शकतं. मी बोलले तर तुझा शब्द जातो. नाही बोलले तर माळ जातो. सूर्यापासून वीज करणं वाईट नाही गं, मी वर्गात मुलांना तेच शिकवते. पण तेच सोलरचे पत्रे मांडायला गावाच्या खालच्या अंगाला उसानं खारावलेली सपाट जमीन पडून आहे. तिथं आकडा खरंच शून्य आहे. माळ निवडला तो माझ्या कागदामुळं.

मी हातावर हात ठेवून बसले नाही, एवढं तरी ऐक. पुण्याला फोन केला. साहेबांना म्हणाले, माझ्याकडून माप चुकलंय, अहवाल मागं घ्या. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘मॅडम, तुमचं नावसुद्धा नाहीये त्यावर. कशाला अंगावर ओढून घेता? असं बोलत सुटलात तर पुढं कुणी काम देणार नाही तुम्हाला.’ ते धमकी देत नव्हते, आहे ते सांगत होते. कॉलेजातही ही बातमी पोचेल, आणि तासांवरच्या बाईला काढायला फार कारण लागत नाही.

मग मी नवा फोटो घेतला, पावसानंतरचा. चौकट लहानात लहान केली. एकही ठिपका पुसला नाही. तेवढ्यानंही भागेना, फोटोवर रंग वेगळे दिसत होते पण कुठला रंग म्हणजे कुठलं रान, ते ठरवायला माळावर चालायला हवं होतं. गेले. आणि तिथं माझी खरी फजिती झाली.

मला रानं ओळखता येईनात, आत्या. टिटवीचं ओळखलं, सासूचं ओळखलं, हिवराचं तर कुणीही ओळखेल. पुढं नुसतं गवत. चपला काढून चालले, पावलं इतकी मऊ झालीत की सगळंच सारखं टोचत होतं. मी तिथं खाली बसले आणि तुला हाका मारल्या. मोठ्यानं. दूरवर एक मेंढपाळ होता, तो थांबून बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी कौसाबाईकडून तुझ्या शेळ्या मागून घेतल्या आणि त्यांना पुढं घालून नुसती मागं चालत राहिले. ती पांढऱ्या कानाची म्हातारी शेळी पुढं. मुरमावर त्या झपझप चालतात, पवन्यात माना खाली जातात, चोपण आलं की पांगतात आणि एकेक झुडूप धरतात. त्यांची चाल बदलली की मी यंत्रावर खूण करत गेले. तीन दिवस तेच केलं. नवा नकाशा झाला तो इतक्या रंगांचा आहे की तुला दाखवला असता तर तू लुगड्याचा काठ म्हणाली असतीस. आकडा शून्यापासून खूप दूर गेला.

पण तो पुरा नाही. चौदा रानांच्या पुढं माझी गाडी जात नाही. तुझ्या तोंडी तर याच्या दुप्पट रानांची नावं असायची. बाकीची कुठली गं? शेळ्यांना ती कळतात की नाही तेही मला कळत नाही. मी तुला कधी विचारलंच नाही. जगातल्या लोकांचे निबंध वाचत बसले आणि ज्या बाईकडून हे सगळं घेतलं तिच्यामागं वही घेऊन एक दिवस चालले नाही. ती रानं आता नकाशावर येणार नाहीत, कधीच. हे आठवलं की मला बसल्या जागी ओरडावंसं वाटतं.

नव्या नकाशात त्या जागा मी कोऱ्या ठेवल्यात. तिथं लिहिलंय, ‘माहिती नाही.’ माहिती नाही आणि काही नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं तरी मला आधी कळायला हवं होतं. त्यासाठी डॉक्टर कशाला व्हायला लागतं?

ऊन आता ओट्यावरून उतरलं. कौसाबाई मघाशी डोकावून गेली. काय लिहितेयस म्हणाली, मी म्हणाले आत्याला पत्र. जाताना एवढंच म्हणाली, ‘उद्या मी तुज्याशेजारी बसनार न्हाई, बाय. मला जमायचं न्हाई.’ म्हणजे मी काय करणार ते तिला माझ्याआधी कळलं.

तर आत्या, हे माझं वचन. उद्या मी दोन्ही नकाशे घेऊन उभी राहीन. आधीचा मी केला, हे पहिलं सांगेन. तो का चुकला ते सांगेन, ठिपके कसे पुसले तेही. अहवाल चुकीचा आहे असं माझ्या नावानिशी, सहीनिशी लिहून सरपंचांच्या हातात देईन. माळ वाचेल की नाही, हे वचन मला देता येत नाही. कदाचित मला उशीर झालाय. कदाचित लोक हसतील आणि ठराव होईल. पण त्या माळावर काही नाही असं माझ्या कागदाच्या आडून कुणी म्हणणार नाही.

आणि तुझी शपथ. ती मोडणार आहे, त्यातून मला वाट काढता आली नाही. गाव म्हणेल, गयाबाई खोटं बोलली. मी म्हणेन, ती खोटं बोलली नाही, ती मला विचारून बोलली होती, आणि मी तिला फसवलं. मरेपर्यंत फसवलं, शेवटच्या दुपारीसुद्धा. तिनं तुमच्याकडे आपलं नाव गहाण ठेवलं ते माझ्यासाठी. तिचं नाव तिला परत द्या. कुणाचं तरी काढून घ्यायचंच असेल तर माझं घ्या.

तुझी भाची,
तो अहवाल लिहिणारी,
वैशाली